ऑर्नेट कोलमन फंककडे का वळले? 'प्राइम टाइम'चे संगीत समजून घेताना

१९७५ च्या डिसेंबरमध्ये ऑर्नेट कोलमन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकांनी पॅरिसमध्ये एका नव्या संचाबरोबर काही ध्वनिमुद्रणे केली. दोन इलेक्ट्रिक गिटार, एक इलेक्ट्रिक बेस (खर्जाची गिटार), ड्रम्स आणि स्वतः कोलमन यांचा आल्टो सॅक्सोफोन, एवढीच वाद्ये त्यात होती. त्यांतल्या एका रचनेची दोन रूपे १९७७ मध्ये 'डान्सिंग इन युअर हेड' या ध्वनिमुद्रिकेत प्रसिद्ध झाली. पहिले रूप पंधरा मिनिटांहून मोठे आहे, तर दुसरे अकरा मिनिटांचे. दोन्हींमध्ये एकच छोटी, लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी धून पुन्हापुन्हा येत राहते आणि पाय थिरकावेत असा ताल अखंड चालू असतो. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, की हे पाचही जण एकमेकांकडे लक्ष न देता आपापले वाजवत आहेत. हा संच पुढे 'प्राइम टाइम' या नावाने ओळखला गेला आणि कोलमन यांनी तो रूप बदलत दोन दशके चालवला.

त्या काळात जॅझमधले अनेक मोठे कलाकार इलेक्ट्रिक वाद्यांकडे वळले होते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'बिचेस ब्रू' ही ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये आली. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि कीबोर्डवादक जो झाविनुल यांनी 'वेदर रिपोर्ट' हा संच उभा केला. हर्बी हँकॉक यांची 'हेड हंटर्स' १९७३ मध्ये आली आणि जॅझच्या मानाने तिचा खप प्रचंड झाला. त्यामुळे कोलमनही वाऱ्याची दिशा पाहून फंक या अमेरिकन नृत्यसंगीताकडे वळले असतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो समज चुकीचा आहे. कोलमन फंकपर्यंत त्यांच्या स्वतःच्या वाटेने आले. ती वाट १९५०च्या दशकातच सुरू झाली होती आणि ती समजून घेतली तर 'प्राइम टाइम'चा गोंधळ वाटणारा आवाज पुष्कळ उलगडतो.

त्यासाठी आधी जॅझमधले कॉर्ड म्हणजे काय, ते पाहावे लागेल. आपल्या रागसंगीतात षड्ज एकदा ठरला की तो मैफल संपेपर्यंत हलत नाही. तानपुरा तोच आधार देत राहतो आणि गायकाचा प्रत्येक स्वर त्या षड्जाशी असलेल्या नात्याने ओळखला जातो. कोलमन पुढे आले त्या सुमाराच्या जॅझमध्ये मात्र असा स्थिर आधार नसतो. तिथे तीन, चार किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजवून जो स्वरसमूह तयार होतो त्याला कॉर्ड म्हणतात, आणि पियानोवादक हे कॉर्ड एका ठरलेल्या क्रमाने बदलत जातो. बहुतेक वेळा बारा किंवा बत्तीस मात्रासमूहांचे एक आवर्तन असते आणि त्यात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पायाखालचा आधार बदलतो. सॅक्सोफोनवादकाने आयत्या वेळी स्वररचना करताना या प्रत्येक बदलाशी जुळणारे स्वर निवडायचे असतात. चार्ली पार्कर यांच्या पिढीने ही कला विलक्षण उंचीवर नेली. पण तिच्यात एक अट दडलेली होती, ती ही की सुचलेली स्वरओळ कितीही सुंदर असली तरी पुढचा कॉर्ड आला की तिला वळावेच लागे.

ही अट कोलमन यांनी मोडली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत पियानो होता. १९५९ मध्ये 'अटलांटिक' कंपनीसाठी केलेल्या 'द शेप ऑफ जॅझ टू कम'मध्ये पियानो नव्हता, कारण कॉर्ड सांगणारे वाद्यच त्यांना नको होते. सॅक्सोफोन, डॉन चेरी यांचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य), चार्ली हेडन यांचा डबल बेस आणि बिली हिगिन्स यांचे ड्रम्स, एवढ्यांत सारे काही व्हायचे. स्वरओळ जिकडे जाईल तिकडे बेसने जावे, आवर्तन किती लांबीचे असेल ते आधी ठरलेले नसावे आणि नेतृत्व कॉर्डऐवजी धुनेकडे असावे, असा तो विचार होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये हा संच वाजू लागला, तेव्हा काहींना त्यात जॅझचे भविष्य दिसले, तर काहींना या माणसाला वाजवताच येत नाही असे वाटले.

इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. कोलमन १९३० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात जन्मले आणि त्यांची सुरुवात तिथल्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतात झाली. गर्दीला नाचवणे हेच त्या संगीताचे काम होते आणि सॅक्सोफोन हे त्याचे मुख्य वाद्य होते. फोर्ट वर्थच्या ज्या आय. एम. टेरेल शाळेत कोलमन शिकले, तिथेच किंग कर्टिस हेही शिकले. पुढे कर्टिस ऱ्हिदम अँड ब्लूजचे नामांकित सॅक्सोफोनवादक झाले. कोलमन यांच्या सर्वांत अमूर्त मानल्या गेलेल्या वादनातही ब्लूजचा तो हंबरडा ऐकू येतो. त्यामुळे नाचायला लावणारा ताल त्यांना परका कधीच नव्हता.

आता फंककडे येऊ. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने नृत्यसंगीताची रचनाच बदलली. चार मात्रांच्या प्रत्येक गटातील पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र जोरकस यायचे आणि उरलेल्या जागेत प्रत्येक वाद्याने आपला छोटासा तुकडा वाजवायचा. आपल्या समेची सवय असलेल्या श्रोत्याला त्या पहिल्या मात्रेचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपली सम आठ, दहा किंवा सोळा मात्रांनंतर येते आणि तिच्याकडे जाण्याचा प्रवास लांब असतो, तर फंकमध्ये ती चार मात्रांनी येत राहते. मधल्या प्रत्येक मात्रेचे चार भाग पाडले जातात आणि गिटार, बेस, ड्रम्स व फुंकवाद्ये आपापले ठोके त्या सूक्ष्म जागांमध्ये अशा रीतीने बसवतात, की एकाचा आवाज थांबतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. यातील कोणताही तुकडा सुटा ऐकला तर अपुरा वाटतो. सगळे एकत्र आले की मगच ताल उभा राहतो.

माझ्या मुख्य मुद्द्याच्या दृष्टीने यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फंकने कॉर्ड बदलणे जवळपास थांबवले. जेम्स ब्राउन यांच्या कित्येक रचनांत मिनिटेच्या मिनिटे एकच कॉर्ड चालतो. म्हणजे कॉर्डच्या साखळीतून सुटण्यासाठी कोलमन जे १९५९ मध्ये बुद्धीच्या मार्गाने करत होते, तेच फंकने नृत्याच्या मार्गाने केले होते. पायाखालचा आधार सतत बदलत नसल्यामुळे वर वाजवणाऱ्याला अवकाश मिळत होता. शिवाय फंकमध्ये एक जण पुढे आणि बाकीचे साथीला, अशी उतरंडही सैल झालेली होती. बेसचा तुकडा सॅक्सोफोनच्या तुकड्याइतकाच महत्त्वाचा असे. कोलमन यांना हवे असलेले सर्व वाद्यांचे समान स्थान तालाच्या बाबतीत फंकमध्ये आधीच होते. स्वरांच्या बाबतीत ते आणणे बाकी होते.

इलेक्ट्रिक वाद्यांचे कारण मात्र वेगळे होते. १९७२ मध्ये कोलमन यांची 'स्काइज ऑफ अमेरिका' ही मोठी रचना लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने डेव्हिड मीशम यांच्या संचालनाखाली वाजवली. कोलमन यांना आपला संच ऑर्केस्ट्राबरोबर वाजायला हवा होता, पण ब्रिटिश वादक संघटनेच्या नियमांमुळे ते शक्य झाले नाही आणि ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोनवर फक्त कोलमन राहिले. अनेक स्वरओळी एकाच वेळी, दाट आणि भरगच्च आवाजात ऐकू याव्यात, ही त्या रचनेमागची ओढ होती. मात्र एवढा ऑर्केस्ट्रा घेऊन गावोगावी फिरणे कोणालाही परवडणारे नव्हते. त्याच सुमारास गिटारवादक जेम्स ब्लड अल्मर त्यांच्याबरोबर वाजवू लागले आणि इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात केवढा फैलाव असतो ते कोलमन यांच्या ध्यानात आले. अॅम्प्लिफायरमधून येणाऱ्या एका तारेतून मूळ स्वराबरोबर इतके उपस्वर उमटतात, की दोन गिटार तंतुवाद्यांच्या एका ताफ्याची जागा भरून काढू शकतात. 'डान्सिंग इन युअर हेड'मधली ती लहानशी धून 'स्काइज ऑफ अमेरिका'मधूनच उचललेली आहे आणि त्या रचनेचे नावही 'थीम फ्रॉम अ सिम्फनी' असेच आहे. 'प्राइम टाइम' हा कोलमन यांच्यासाठी पाचसहा माणसांचा ऑर्केस्ट्रा होता, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

दोन गिटार आले म्हणजे कॉर्ड मागच्या दाराने परत आले का, हा प्रश्न इथे रास्त आहे. गिटार हे पियानोसारखेच कॉर्ड वाजवणारे वाद्य आहे आणि पियानो तर कोलमन यांनी काढून टाकला होता. उत्तर असे, की 'प्राइम टाइम'मधले गिटारवादक साथीचे कॉर्ड धरून बसत नाहीत. बर्न निक्स यांची गिटार स्वच्छ, मोकळ्या आवाजात स्वरओळी वाजवते, तर चार्ली एलर्बी यांची गिटार फंकच्या अंगाने जाते. दोघेही सतत काहीतरी म्हणत असतात, पण 'आता या कॉर्डमध्ये वाजव' असे सॅक्सोफोनला कोणी सांगत नाही.

हे सारे ज्या तत्त्वावर चालते, त्याला कोलमन यांनी 'हार्मोलोडिक्स' हे नाव दिले होते. या तत्त्वाचा समग्र ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला नाही आणि त्यांच्या मुलाखतींतली स्पष्टीकरणे अनेकदा गूढ वाटतात, त्यामुळे याविषयी बराच धूसरपणा आहे. त्याचा व्यावहारिक गाभा मात्र समजण्यासारखा आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच ओळींवर ठिपके काढतात आणि ओळींच्या आरंभी क्लेफ नावाचे चिन्ह असते. कोणता ठिपका म्हणजे कोणता स्वर, हे त्या चिन्हावरून ठरते. खालून तिसऱ्या मोकळ्या जागेतला ठिपका घेतला, तर व्हायोलिनच्या क्लेफमध्ये तो पेटीवरची पांढरी एक होतो, व्हायोलाच्या क्लेफमध्ये पांढरी दोन, बेसच्या क्लेफमध्ये पांढरी तीन आणि टेनर क्लेफमध्ये पांढरी सात. कोलमन यांनी सुचवले, की कागदावरची एकच ओळ वेगवेगळ्या वादकांनी वेगवेगळ्या क्लेफमध्ये वाचावी आणि ते सगळे स्वर एकत्र ऐकू येऊ द्यावेत.

आल्टो सॅक्सोफोनवादकाला हा अनुभव आधीच असतो. तो कागदावर पांढरी एक वाचतो आणि वाजवतो, पण ऐकणाऱ्याला ऐकू येते ती काळी दोन, कारण हे वाद्यच तसे घडवलेले आहे. म्हणून पियानोबरोबर वाजवताना त्याला आपली ओळ दुसऱ्या पट्टीत लिहून घ्यावी लागते. कोलमन यांचा प्रश्न असा होता, की ती लिहून कशासाठी घ्यायची? दोन्ही पट्ट्यांत एकच धून एकाच वेळी वाजली, तर धुनेचा आकार तोच राहील आणि तिचे दोन चेहरे दिसतील. आषाढीच्या वाटेवर मागेपुढे चालणाऱ्या दोनतीन दिंड्या एकच अभंग म्हणत असतात, प्रत्येकीची पट्टी निराळी, लयही थोडी मागेपुढे, पण ऐकणाऱ्याला अभंग ओळखायला अडचण येत नाही. 'प्राइम टाइम' ऐकताना कानाने नेमके हेच करायचे असते. हे स्वर एकमेकांशी जुळतात का, याचा हिशेब बाजूला ठेवून एक धून किती ठिकाणांहून येते आहे, ते शोधायचे.

आता हर्बी हँकॉक यांच्या 'हेड हंटर्स'शी तुलना केली, तर फरक चटकन कळतो. तिथे बेस आणि ड्रम्स एक ताल बांधून देतात, तो पक्का राहतो आणि त्याच्यावर आधी एक वादक, मग दुसरा आपली करामत दाखवतो. बेनी मॉपिन यांचा सॅक्सोफोन त्या तालावर स्वार होतो. ते संगीत मला मनापासून आवडते, पण त्याची मांडणी पुढे नायक आणि मागे साथ अशीच आहे. 'प्राइम टाइम'मध्ये जमालदीन टाकुमा यांचा बेस ऐकावा. १९७५ मध्ये ते विशीतही पोहोचलेले नव्हते. त्यांची बोटे फंकची असल्याने तुकडे खटकेबाज आणि नाचरे आहेत, पण एकच तुकडा धरून ते बसत नाहीत. कोलमन यांची ओळ वर गेली की ते तिला उत्तर देतात, गिटारला छेद देतात आणि मध्येच स्वतःची धून काढतात. रोनाल्ड शॅनन जॅक्सन यांचे ड्रम्स कधी लष्करी बँडसारखे कूच करतात, तर कधी ब्लूजच्या झोक्यावर येतात. ताल सगळ्यांच्या मिळून असण्यातून उभा राहतो. तो एकट्या कोणावर सोपवलेला नसतो. म्हणूनच जॅझ ऐकणाऱ्यांना हे जास्त फंक वाटले आणि फंकवर नाचणाऱ्यांना जास्त गुंतागुंतीचे.

आणखी एक बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. माइल्स डेव्हिस यांनी या काळात आपल्या ट्रम्पेटला विजेची उपकरणे जोडून त्याचा आवाज गिटारसारखा करून घेतला. सॅक्सोफोनवादक एडी हॅरिस यांनी तर १९६०च्या दशकातच सॅक्सोफोनला 'व्हॅरिटोन' नावाचे इलेक्ट्रिक यंत्र जोडले होते. कोलमन यांनी सभोवतालचे सगळे विजेवर नेले, पण आपला सॅक्सोफोन होता तसाच ठेवला. त्यांचा किंचित चढा, माणसाच्या आवाजासारखा रडणारा-हसणारा स्वर १९५९ मध्ये जसा होता, तसाच इथेही आहे. एवढ्या गजबजाटात तो चटकन ओळखू येतो आणि नव्या श्रोत्याने आरंभी त्याचेच बोट धरावे.

नव्याने ऐकणाऱ्यांनी मात्र 'डान्सिंग इन युअर हेड'पासून सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. १९८७ मध्ये आलेली 'इन ऑल लँग्वेजेस' ही त्यासाठी आदर्श आहे. तिच्या एका भागात चेरी, हेडन आणि हिगिन्स यांच्याबरोबरचा जुना, विजेविना वाजणारा संच आहे, तर दुसऱ्या भागात 'प्राइम टाइम'. 'फीट म्युझिक', 'लॅटिन जेनेटिक्स', 'पीस वॉरियर्स' अशा कित्येक रचना दोन्ही संचांनी वाजवल्या आहेत. एक रचना आधी जुन्या संचाची आणि लगेच नव्याची ऐकली, की धून तीच आहे, विचार तोच आहे आणि फक्त तिच्याभोवतीची वस्ती वाढली आहे, हे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय कानाला कळते. त्यानंतर 'ऑफ ह्यूमन फीलिंग्ज' ऐकावी. ती एप्रिल १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि १९८२ मध्ये बाजारात आली. कोलमन यांचे पुत्र डेनार्डो आणि कॅल्विन वेस्टन असे दोन ड्रमवादक तिच्यात आहेत. रचना आटोपशीर आहेत आणि फंकचा ठसका इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. 'प्राइम टाइम'चे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण मी हेच मानतो.

पुढे संचात दोन गिटार, दोन बेस आणि दोन ड्रम्स अशी जोडीजोडीने वाद्ये आली. १९६० मध्ये कोलमन यांनी 'फ्री जॅझ' या ध्वनिमुद्रिकेसाठी दोन चौकड्या एकाच वेळी वाजवल्या होत्या, त्याचीच ही विजेवरची आवृत्ती म्हणता येईल. सगळीच ध्वनिमुद्रणे सारख्या तोलाची नाहीत, हेही नोंदवायला हवे. १९८८ ची 'व्हर्जिन ब्यूटी' हिच्यात रॉक गिटारवादक जेरी गार्सिया काही रचनांमध्ये सहभागी आहेत. तिच्या धुना गोड आहेत, पण आवाजाला त्या दशकाची गुळगुळीत झाक आहे आणि स्वरओळींचे एकमेकांशी होणारे घर्षण कमी झाले आहे. 'प्राइम टाइम'ची ताकद त्या घर्षणात होती. त्याचा वारसा कोलमन यांच्याबरोबर वाजवून बाहेर पडलेल्यांनी अधिक जोमाने पुढे नेला. जॅक्सन यांचा 'डिकोडिंग सोसायटी' हा संच आणि अल्मर यांची १९८३ ची 'ओडिसी' ही ध्वनिमुद्रिका ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

१९९५ च्या 'टोन डायलिंग'मध्ये आपल्या कानाला ओळखीचे एक वाद्य येते. बादल रॉय यांचा तबला. रॉय मूळचे पूर्व बंगालचे. त्यांनी आधी माइल्स डेव्हिस यांच्या १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्येही साथ केली होती. कोलमन यांच्या संचात तबल्याला ठेका धरून ठेवण्याचे काम नाही, कारण तिथे ते काम कोणाचेच नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेत अठराव्या शतकातले जर्मन संगीतकार बाख यांचे चेलोसाठी लिहिलेले एक प्रील्यूड (प्रारंभीची छोटी रचना) आधी गिटारवर जसेच्या तसे वाजते आणि मग संपूर्ण संच त्यात उतरतो. हार्मोलोडिक्स म्हणजे काय, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक मला तरी ठाऊक नाही, कारण मूळ ओळ आधीच कानात बसलेली असते आणि तिचे अनेक ओळींत होणारे रूपांतर समोर घडताना ऐकू येते.

यानंतर कोलमन पुन्हा विजेविना वाजणाऱ्या वाद्यांकडे आले. २००५ मध्ये जर्मनीतल्या एका मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या 'साउंड ग्रामर'ला २००७ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. सॅक्सोफोन, ड्रम्स आणि दोन डबल बेस असा तो संच आहे. ग्रेग कोहेन आपला बेस बोटांनी छेडतात आणि टोनी फलांगा बहुतेक वेळ गजाने वाजवतात, त्यामुळे एक बेस तालाकडे झुकतो आणि दुसरा सॅक्सोफोनशी धुनेच्या पातळीवर बोलतो. म्हणजे 'प्राइम टाइम'मधली वाद्यांची जोडी आणि स्वरओळींची समानता इथेही कायम आहे, अॅम्प्लिफायर तेवढे गेले आहेत. तिच्यातली 'स्लीप टॉकिंग' ही रचना 'ऑफ ह्यूमन फीलिंग्ज'मध्ये 'स्लीप टॉक' या नावाने आली होती. ती दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकावीत.